जुनेपणा कुणाचा, रंग कुणाचा?



गाडी नवी दिसावी म्हणून माणूस पैसे खर्च करतो, हे आपण लहानपणापासून पाहत आलो. गाडी जुनी दिसावी म्हणून पैसे खर्च करणारा वर्ग मात्र अलीकडे दिसायला लागला आहे. हायवेवरच्या हॉटेलाच्या दारात भंगारातला ट्रक आणून उभा करायचा, त्याच्या गंजाला लॅकर मारायचं, वर पिवळे दिवे सोडायचे आणि लोकांना त्याच्यापुढे फोटो काढायला लावायचे. अमेरिकेत या हौसेला 'पॅटिना' म्हणतात. उन्हाने उडालेला रंग आणि गंज तसाच ठेवून त्यावर पारदर्शक थर देतात. ज्याच्या गाडीवर खरा जुना रंग नाही, तो नव्या रंगावर म्हातारपण चढवून घेतो. मोबाइलवर त्याचे कितीतरी व्हिडिओ आहेत.

हा श्रीमंतांचा खेळ आहे, आपल्याला त्याचं काय, असं तुम्ही म्हणाल. पण हा प्रश्न गेल्या वर्षी आमच्या शिरपुरात, आमच्याच वस्तीत येऊन उभा राहिला. धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या चित्ररथाच्या निमित्ताने आला. त्या आठ-दहा दिवसांत जो वाद झाला, तो जयंती आणि मिरवणुकीची कामं करणाऱ्या प्रत्येक तरुणाच्या उपयोगाचा आहे, म्हणून लिहिते.

शिरपूर हे मुंबई-आग्रा महामार्गावरचं गाव. दक्षिणेला तापी ओलांडली की धुळ्याची वाट, उत्तरेला पळासनेर गेलं की मध्य प्रदेश. या रस्त्यावर ट्रकने अनेक घरांच्या चुली पेटवल्या. आपल्या समाजातली कितीतरी माणसं आधी क्लीनर, मग ड्रायव्हर झाली. स्वतःचा ट्रक घेणारे मोजकेच. आमच्या वस्तीतले आप्पा त्यांतले एक. त्यांनी १९८०नंतरच्या दशकात कर्ज काढून पुढे नाक असलेला, बोनेटवाला टाटा ट्रक घेतला, त्यावर कापसाच्या गाठी वाहिल्या, केळी वाहिली, मुलांची शिक्षणं केली. आता तो ट्रक काही वर्षांपासून गॅरेजच्या मागच्या मोकळ्या जागेत उभा आहे. चित्ररथासाठी आम्ही तो मागितला. आप्पांनी लगेच दिला.

तरुणांची कल्पना अशी होती: १९५६ साली नागपूरला दीक्षेला निघालेली माणसं दाखवायची. त्या वेळी लोक रेल्वेने, मोटारीने, मिळेल त्या वाहनाने आणि पायी नागपूरला गेले. जमशेदपूरला टाटांचा कारखाना जर्मन कंपनीच्या सहकार्याने १९५४पासून ट्रक बनवत होता, तेव्हा बोनेटवाला ट्रक त्या काळाला शोभेल, हा त्यांचा हिशेब बरोबर होता. अडचण एकच होती. आप्पांच्या मुलाने मध्यंतरी ट्रक विकायचा प्रयत्न केला होता आणि त्यासाठी डाव्या बाजूचं दार बदलून त्याला आणि बोनेटला चकचकीत लाल रंग दिला होता. गाडी विकली गेली नाही. म्हणजे अर्धा ट्रक खरा म्हातारा आणि अर्धा नवरदेवासारखा. तरुणांचं म्हणणं होतं की नव्या रंगाला जुन्यासारखं करायचं, आणि शिवाय सगळ्याच ट्रकवर चिखल, काजळी आणि गंजाचा आणखी एक हात फिरवायचा, म्हणजे 'इतिहासाचा लूक' येईल.

त्यासाठी आम्ही हायवेवर तीस वर्षं ट्रक रंगवणाऱ्या पेंटरमामांना बोलावलं. मामांनी व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला, मोबाइल परत दिला आणि म्हणाले, "गाडी नवी कराना पैसा लेस मी. जुनी कराना पैसा कसाना लेऊ?"

सगळे हसले. पण मामा चेष्टा करत नव्हते. त्यांनी आधी अर्धा दिवस ट्रकभोवती फिरून तो नुसता पाहिला. ते जे बोलत गेले ते मी वहीत लिहून घेतलं, कारण समाजशास्त्राच्या एम.ए.त श्रमावर जे वाचलं होतं, ते इथे पत्र्यावर उमटलेलं दिसत होतं.

रंग म्हातारा होतो म्हणजे काय होतं? ऊन रंगातला बांधणारा भाग खातं. आधी चकाकी जाते. मग वरचा थर सुटा होऊन त्याची भुकटी होते. बोट फिरवलं की खडूसारखा रंग बोटाला लागतो. सगळे रंग सारखे उडत नाहीत. भडक लाल लवकर गुलाबीकडे झुकतो. गेरूसारखा, लोखंडाच्या ऑक्साइडचा तांबडा रंग मात्र वर्षानुवर्षं तसाच राहतो, कारण तो मुळातच एक प्रकारचा गंज आहे. त्याला आणखी काय गंजायचं? ऊन वरून येतं, म्हणून टप आणि बोनेट आधी फिकट होतात, बाजू नंतर आणि मडगार्डच्या आतला रंग सगळ्यात शेवटी. खान्देशचं ऊन उन्हाळ्यात पंचेचाळीस अंशांपर्यंत जातं. इथल्या टपावर रंग टिकत नाही.

गंज कुठेही येत नाही. पाणी जिथे थांबतं तिथे येतो: दाराची खालची कड, पत्र्याचे सांधे, बोल्टाच्या खाली, पायदानाचा कोपरा. आणि गंजाचा ओघळ नेहमी खाली जातो. आडवा ओघळ दिसला की समजायचं, कुणीतरी ब्रशने काढला आहे.

तिसरी गोष्ट मामांनी एका वाक्यात सांगितली. "जठे हात लागस, तठे रंग जास." ड्रायव्हरचा उजवा कोपर खिडकीवर टेकतो, तिथला रंग पार पत्र्यापर्यंत गेलेला. दाराच्या मुठीभोवती एक गोल झिजलेला. फाळक्याच्या वरच्या कडेवर दोर घासून घासून खाचा पडलेल्या, कारण ताडपत्री तिथूनच आवळली जाते. मागच्या फाळक्याजवळ पत्रा किंचित आत गेलेला. गाडी मागे घेताना क्लीनर तिथे तळहाताची थाप मारतो. एक थाप म्हणजे थांब, सलग थापा म्हणजे येऊ दे. कित्येक वर्षांच्या थापा. आप्पा बाजूला उभे होते. ते म्हणाले, डाव्या दारावर खिडकीखाली असाच खळगा होता, जुनं दार गेलं तेव्हा तो गेला.

मित्रांनो, हॉटेलच्या दारातल्या ट्रकपुढे फोटो काढणाऱ्याला यातलं काय दिसतं? त्याला पोत दिसतो. छान तपकिरी रंग दिसतो. कोपर, दोर आणि थाप दिसत नाही. ज्याने गाडी हाकली त्याला वजा करून गाडीचा थकवा तेवढा विकत घेतला जातो, हा माझा या फॅशनवरचा पहिला आक्षेप आहे.

दुसरा आक्षेप जुना आहे. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांसाठी काय नेमून दिलं आहे, ते आपल्या कार्यकर्त्यांना ठाऊक असतं: मेलेल्यांची वस्त्रं, फुटकी भांडी आणि लोखंडाचे दागिने. म्हणजे जुनं, फुटकं आणि गंजणारं हे एका समूहाने अंगावर वागवायचं, असा कायदाच होता. ज्यांच्यावर जुनेपणा लादला गेला, त्यांना गंजाचं कौतुक वाटायला वेळ लागतो. आणि वाटलं नाही तर त्यांच्या सौंदर्यदृष्टीत खोट आहे, असं कुणी समजू नये.

याच कारणासाठी डिसेंबर १९२७मध्ये महाडला बाबासाहेब स्त्रियांशी बोलले तेव्हा त्यांनी लुगडं नेसण्याची पद्धत आणि दागिने हा विषय घेतला. अस्पृश्य म्हणून ओळखू येईल अशी खूण अंगावर ठेवू नका, स्वच्छ राहा, हा त्याचा आशय होता. वरवर पाहता तो पोशाखाचा प्रश्न होता. खरा प्रश्न असा होता की माझ्या अंगावरची खूण कोण ठरवणार.

आता आमच्या वादाकडे येते. आमच्या गटात कलाशिक्षक पदविका करणारी एक मुलगी आहे. तिने मला चांगलंच अडवलं. ती म्हणाली, "ताई, नाटकात आपण जुने कपडे घालतोच ना? जलशात सोंग घेतोच ना? मग ट्रकला सोंग दिलं तर कुठे बिघडलं? चकचकीत ट्रक उभा केला तर बघणाऱ्याला वाटेल, या लोकांकडे तेव्हा पैसा होता. गरिबी दाखवायची नाही का?"

तिचा मुद्दा खोटा नव्हता. सोंगाला माझा विरोध नाही. कलेत खोटं वापरूनच खरं सांगावं लागतं. मी तिला एवढंच विचारलं की आपण कुठल्या दिवसाचं सोंग घेतोय? १४ ऑक्टोबर १९५६. तो अशोक विजयादशमीचा दिवस होता. लोकांनी पांढरी, स्वच्छ वस्त्रं घातली होती. ज्यांच्याकडे नव्हती त्यांनीही कुठून तरी केली. त्या दिवशी कुणी चिखलाने माखून निघालं नव्हतं. आपल्या डोळ्यांपुढे १९५६ येतं ते करड्या-पिवळट रंगात, कारण आपण ते जुन्या फोटोत पाहिलं आहे. तो पिवळेपणा फोटोच्या कागदाचा आहे, दिवसाचा नाही. त्या दिवशीही आकाश निळं होतं आणि पंचशील ध्वजाचे रंग ताजे होते. आपण तो दिवस मळका दाखवला, तर आपण कागदाचं म्हातारपण माणसांच्या अंगावर टाकतो.

यावर मामा बोलले, आणि निकाल तिथेच लागला. दसऱ्याला गाडी न धुणारा ड्रायव्हर त्यांनी उभ्या आयुष्यात पाहिला नव्हता. मालक कंजूष असो, गाडी खटारा असो, त्या दिवशी ती नदीवर किंवा नळावर नेऊन घासतातच. मग नागपूरला निघालेली गाडी धुतल्याशिवाय निघाली असती का?

म्हणून ठरलं असं: झीज ठेवायची, घाण नाही. वापरलेला पण धुतलेला ट्रक. गरिबी दाखवायची तर ती झिजलेल्या मुठीत दिसते. त्यासाठी चिखल लागत नाही. त्या मुलीला हे पटलं, आणि पुढचं निम्मं काम तिनेच केलं.

ते काम कसं केलं तेही सांगते, कारण नाटक आणि चित्ररथ करणाऱ्या मंडळांना ते उपयोगी पडेल. आधी मूळ रंग शोधावा लागतो. ऊन न लागलेली जागा बघायची. तिथे गाडी पहिल्या दिवशी कशी होती ते कळतं. मग नव्या दारावर आणि बोनेटवर बारीक पॉलिश पेपर पाणी लावून फिरवला आणि चकाकी मारली. जिथे रंग उडालेला दाखवायचा तिथे रेड ऑक्साइडचा, गंजाच्या रंगाचा थर दिला. दाराच्या खालच्या कडेला तो थर वाळल्यावर पाणी शिंपडून जाड मीठ टाकलं आणि मिठाचं पाणी सुकल्यावर वरून फिकट लाल रंगाची फवारणी केली. तोही वाळल्यावर ओल्या फडक्याने पुसलं की मिठाचे खडे निघतात आणि त्यांच्या जागी खपल्या उडाल्यासारखे तपकिरी ठिपके राहतात. हाताने काढलेले ठिपके एका मापाचे होतात. मिठाचे होत नाहीत.

फिकट लाल म्हणजे मूळ लालात पांढरा आणि किंचित गेरूचा रंग. बोनेटवर तो जास्त, दाराच्या वरच्या भागात मध्यम, खाली कमी, कारण ऊन वरून येतं. मुठीभोवती आणि कडांवर पॉलिश पेपरने रेड ऑक्साइड दिसेपर्यंत घासलं, मुठीपाशी थेट पत्र्यापर्यंत. बोल्टांखाली तपकिरी रंग खूप पातळ करून ब्रशने खाली ओढला आणि ओला असतानाच फडक्याने टिपला. शेवटी चकाकी नसलेला पारदर्शक थर. आणि डाव्या दारावर, खिडकीखाली, आप्पांनी स्वतः जागा दाखवली तिथे, तळहाताएवढी झीज केली. दुसऱ्या बाजूच्या दाराची नक्कल मामांनी केली नाही. डावी बाजू क्लीनरची, उजवी ड्रायव्हरची. दोघांचे हात वेगळ्या जागी लागतात. सगळीकडे सारखा जुनेपणा दिला की तो खोटा दिसतो, कारण श्रम सगळीकडे सारखा पडत नाही.

एक इशारा इथेच देते. जुन्या रंगात शिसं असतं. केंद्र सरकारच्या २०१६च्या नियमांनुसार घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिशाचं प्रमाण दहा लाखांत ९० भागांपेक्षा जास्त नको, आणि ते १ नोव्हेंबर २०१७पासून लागू आहे. पण हे नियम घरगुती आणि सजावटीच्या रंगांपुरते आहेत, आणि गाडीवरचा जुना थर तर त्याही आधीचा. तो कोरडा घासला की त्याची धूळ पेंटरच्या, त्याच्या हाताखालच्या पोराच्या आणि बघायला जमलेल्या लहान मुलांच्या छातीत जाते. शिशाने मुलांच्या मेंदूचं कायमचं नुकसान होतं. म्हणून पाणी लावूनच घासा, मास्क आणि हातमोजे वापरा, हात धुतल्याशिवाय चहा-बिस्कीट घेऊ नका आणि घासलेला गाळ गटारीत सोडू नका. आपल्या सोहळ्यासाठी आपल्याच माणसाचं रक्त बिघडू नये.

इथपर्यंत सगळं एकमताने झालं. खरा वाद नंतर उठला.

ड्रायव्हरसमोरच्या काचेच्या वर बाहेरून एक पट्टी असते. तिथे मालक देवाचं नाव, मुलांची नावं किंवा गावाचं नाव लिहितात. आप्पांच्या ट्रकवर ती पट्टी कोरी होती. तरुण म्हणाले, इथे 'जय भीम' लिहू, आणि नवं वाटू नये म्हणून तेही उडालेलं, पुसट करू. चाळीस वर्षांपासून तिथेच आहे असं वाटलं पाहिजे. मामांना ते दहा मिनिटांचं काम होतं.

आप्पा इतके दिवस कशालाच नाही म्हणाले नव्हते. त्या दिवशी ते म्हणाले, तिथे काही नव्हतं. मी कारण विचारलं. ते म्हणाले, "लिखं असतं, ते माल कोन देता मंग?"

ज्या काळात आप्पांनी गाडी घेतली, तो काळ आठवा. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने २७ जुलै १९७८ला केला. त्यानंतर मराठवाड्यात दलितांची घरं जळाली. विद्यापीठाच्या पाटीवर ते नाव प्रत्यक्ष यायला १४ जानेवारी १९९४ उजाडलं. एक नाव एका पाटीवर लिहायला साडेपंधरा वर्षं लागली, आणि तेही कायदेमंडळाने ठरवल्यावर. त्या वर्षांत एकट्या माणसाने, कर्जाच्या गाडीवर, परक्या गावातल्या गोदामापुढे उभं राहताना ते नाव कपाळावर लिहिलं नाही. २०१५ साली शिर्डीत बाबासाहेबांच्या गाण्याची रिंगटोन वाजली, त्यावरून वाद होऊन एका दलित तरुणाचा खून झाला. एकविसाव्या शतकात खिशातला आवाज सहन झाला नाही. १९८५ साली काचेवरची अक्षरं सहन झाली असती का?

मग आप्पांनी आत चढून त्या पट्टीची आतली बाजू दाखवली. तिथे, ड्रायव्हरच्या डोक्यावर, बाबासाहेबांचा एक लहान फोटो चिकटवलेला होता. गाडीत ड्रायव्हरच्या जागेवर बसलेल्यालाच दिसेल असा. फोटोचा रंग गेला होता, कड सुटली होती. मामांनी आप्पांना विचारून ती अलगद उचलली. खाली मूळ लाल रंगाचा चौकोन होता, गाडी घेतली त्या दिवसाचा, जराही न उडालेला. दारासाठी लागणारा मूळ रंग मामांनी तिथूनच घेतला.

आता सांगा, बाहेरच्या कोऱ्या पट्टीवर आपण मुद्दाम पुसट केलेला 'जय भीम' लिहिला असता तर काय झालं असतं? बघणाऱ्याने मानलं असतं की हा माणूस चाळीस वर्षं हे नाव मिरवत फिरला, त्याला कुणी अडवलं नाही, म्हणजे इथे सगळं ठीक होतं. ज्यांनी ते नाव लिहू दिलं नाही, त्यांना आपणच आपल्या ब्रशने निर्दोष सोडलं असतं. आणि ज्याने ते आत जपलं, त्याची ती जपणूक पुसली असती. कोरी पट्टीही इतिहास आहे. तिच्यावर काही नाही, हाच तिचा पुरावा.

काही मित्र म्हणाले, ताई, एवढं काय, भावना महत्त्वाची. मला हे मान्य नाही. खोटा जुनेपणा हे सत्तेचं फार वापरलेलं हत्यार आहे. एरिक हॉब्सबॉम आणि टेरेन्स रेंजर यांनी १९८३ साली 'द इन्व्हेन्शन ऑफ ट्रॅडिशन' हे पुस्तक संपादित केलं. प्राचीन म्हणून मिरवल्या जाणाऱ्या कितीतरी परंपरा अलीकडच्या काळात घडवलेल्या कशा आहेत, हे त्यात उदाहरणांनी मांडलं आहे. स्कॉटलंडचा पारंपरिक म्हणून जगभर माहीत असलेला घागराही त्यात येतो. आपल्याकडे तर 'हे पूर्वापार चालत आलं आहे' एवढ्या एका वाक्यावर माणसाला पाण्यापासून, रस्त्यापासून आणि देवळापासून दूर ठेवलं गेलं. गोष्ट जुनी दिसली की ती खरी वाटते, हा त्यांचा डाव आहे. आपली चळवळ मात्र कागदपत्रं, साक्षी आणि तारखा यांवर उभी राहिली. आपण त्यांची युक्ती उचलली, तर उद्या आपला खरा पुरावाही लोक रंगवलेला समजतील.

आणि वाहन ही गोष्ट आपल्या इतिहासात साधी नाही. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' हे बाबासाहेबांचं छोटं आत्मकथन वाचा. त्यात लहानपणी मसूर स्टेशनवरून कोरेगावला वडिलांकडे जाताना मुलांना कुणी बैलगाडी देईना. शेवटी दुप्पट भाडं घेऊन गाडीवान तयार झाला, तोही गाडी मुलांनी हाकायची या अटीवर. त्यातलाच दुसरा प्रसंग आपल्या खान्देशातला, चाळीसगावचा, १९२९ सालचा. तेव्हा बाबासाहेब बॅरिस्टर होते, सरकारी समितीचे सदस्य होते. तरी अस्पृश्याला बसवून टांगा हाकणं टांगेवाल्याला कमीपणाचं वाटलं. लोकांनी टांगा भाड्याने मिळवला, पण हाकायला आपल्यातलाच, कधी टांगा न हाकलेला माणूस बसवावा लागला. पुलावर चाक दगडांत अडकलं, बाबासाहेब फेकले गेले आणि पाय मोडला. त्या चाळीसगावच्याच खान्देशात, पुढे साठ वर्षांच्या आत, आपल्या एका माणसाने स्वतःच्या मालकीचा ट्रक घेतला आणि स्वतः चालवला. तो ट्रक जुना दिसतो की नवा, हा मला दुय्यम प्रश्न वाटतो. तो कुणाचा आहे आणि कुणाच्या हाताने झिजला, हे आधी सांगितलं पाहिजे.

एक आक्षेप नेहमी येतो, त्याचंही उत्तर देते. २०२०च्या अखेरीला उत्तर प्रदेशात गाड्यांवर जातीची नावं लिहिणाऱ्यांवर कारवाईचे आदेश निघाले. तेव्हापासून काही शहाणे म्हणतात, मग 'जय भीम'ही काढा, ती पण जातच. जातीचं नाव म्हणजे जन्माचा दाखला. मी कुणापेक्षा वर आहे ते सांगणारा. 'जय भीम' हे अभिवादन आहे. ते कुणीही कुणालाही घालू शकतो, आणि घातलं की समोरचा बरोबरीचा होतो. एवढा फरक ज्याला कळत नाही, त्याला तो कळून घ्यायचाच नसतो.

आम्ही शेवटी 'जय भीम' लिहिलं. त्या पट्टीवरच लिहिलं, निळ्या रंगात, ताजं, चकाकणारं, आणि कोपऱ्यात बारीक अक्षरांत चालू साल टाकलं. बाकीचा ट्रक झिजलेला, धुतलेला आणि कपाळावर त्या आठवड्यात लिहिलेली अक्षरं. वर पांढऱ्या कपड्यांतली मुलं-मुली. मिरवणुकीत दोघा-तिघांनी मला सांगितलं की अक्षरं जुळत नाहीत, पेंटरने घाई केली का? मी त्यांना कारण सांगितलं. त्यांतले एक वयस्कर ड्रायव्हर होते. ते आप्पांजवळ जाऊन उभे राहिले आणि आपल्या गाडीत फोटो कुठे लावला होता ते सांगायला लागले.

तरुण कार्यकर्त्यांना माझं सांगणं एवढंच आहे. चित्ररथ करा, नाटक करा, जुना रंग हवा तर तोही करा. मामांसारख्या माणसाला त्याचा पुरता मोबदला द्या, कारण ती कला आहे. पण ब्रश हातात घ्यायच्या आधी वस्तूच्या मालकाला विचारा: इथे काय होतं, काय नव्हतं आणि का नव्हतं. तुमच्या तालुक्यात असे आप्पा अजून आहेत. पहिला ट्रक घेणारे, पहिली रिक्षा घेणारे, पहिल्यांदा दुकानावर पाटी लावणारे. त्यांचं बोलणं मोबाइलवर रेकॉर्ड करा, तारीख-गाव लिहा, त्यांची परवानगी घ्या आणि नीट जपून ठेवा. येत्या ३१ जुलैला लळिंगच्या लांडोर बंगल्यावर, जिथे बाबासाहेब १९३७ साली धुळ्याच्या दौऱ्यात थांबले होते, आपण हजारोंनी जमू. तिथे गाड्या लावायच्या जागेवर थोडा वेळ फिरा. ज्या गाडीवर काहीच लिहिलेलं नाही, तिच्या ड्रायव्हरशी आधी बोला.

जय भीम. नमो बुद्धाय.